आठ वर्षं जुन्या टाकीच्या तळाची खडी काढताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

टाकी गोड्या पाण्याची, ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, आठ वर्षं एकाच जागी चालू असलेली. तळाला ५ ते ८ मिलिमीटरची, फोडलेल्या दगडाची, धारदार कडांची खडी. थर सरासरी ७ सेंटिमीटर. खडीखाली अंडरग्रॅव्हल फिल्टरच्या (खडीतूनच पाणी खाली ओढून गाळणाऱ्या फिल्टरच्या) डावी आणि उजवी अशा दोन फटींच्या प्लेट. प्रत्येकीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी वर आणणारी एक उभी नळी, आणि दोन्ही नळ्यांना एकाच एअर पंपाची हवा. याशिवाय एक लहान स्पंज फिल्टर. मासे म्हणजे दोन पर्ल गुरामी, दहा निऑन टेट्रा, सहा कोरिडोरास (तळाशी खाणं शोधणारे, मिशा असलेले मासे) आणि एक ब्रिसलनोज प्लेको. मागच्या उजव्या कोपऱ्यात क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीचं दाट बेट, मधोमध मोठं लाकूड आणि त्याला बांधलेली अनुबियास ही दुसरी पाणवनस्पती.

महिन्यातून एकदा थोडं पाणी बदललं जाई. एरवी आटलेलं पाणी भरून काढलं जाई. जुने मासे ठणठणीत होते. नवे आणलेले मासे मात्र आठवड्याभरात मरत. मालकांनी याचा दोष माशांच्या विक्रेत्याला दिला होता, आणि या प्रकरणातला महत्त्वाचा धागा नेमका तिथेच होता.

अडचण

कोरिडोरासच्या मिशा झिजून जवळजवळ बुडाशी आल्या होत्या. खडीत बोट घातलं की तपकिरी गाळाचा ढग उठे. खडी काढून बारीक वाळू घालायची, हे मालकांचं ठरलं होतं आणि ते योग्यही होतं. चुकीचा होता तो बेत: एका सुट्टीच्या दिवशी मासे बादलीत, खडी बाहेर, टाकी घासूनपुसून स्वच्छ, नवी वाळू, नवं पाणी आणि संध्याकाळी मासे परत.

हा बेत का चालणार नव्हता, ते पाण्याच्या चाचणीत दिसलं. टाकीचा पीएच ६.२, केएच (आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता) जेमतेम १, नायट्रेट ८० मिग्रॅ प्रति लिटर आणि अमोनिया ०.५. नळाच्या पाण्याचा पीएच ७.८ आणि केएच ७. तापमान २६ अंश.

अमोनियाची चाचणी एकूण अमोनिया सांगते. त्यातला विषारी भाग किती, हे मुख्यतः पीएचवर आणि काही प्रमाणात तापमानावर ठरतं. २६ अंशाला आणि पीएच ६.२ असताना एकूण अमोनियातला सुमारे ०.१ टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ७.८ झाला की हाच वाटा जवळपास ४ टक्क्यांवर जातो. म्हणजे बाटलीतला रंग तोच राहतो आणि विष सुमारे चाळीसपट होतं. खडी ढवळून गाळातला अमोनिया पाण्यात सोडायचा आणि त्याच दिवशी निम्मंअधिक पाणी नळाचं भरायचं, यापेक्षा घातक जोडी शोधून सापडणार नाही. या विषारी रूपाची, म्हणजे मुक्त अमोनियाची, मर्यादा साधारण ०.०२ मिग्रॅ प्रति लिटर धरतात. गाळामुळे एकूण अमोनिया २ झाला आणि पीएच ७.८ ला पोचला, तर मुक्त अमोनिया ०.०७ च्या पुढे जातो.

नवे मासे का मरत होते, हेही यातून उलगडतं. जुने मासे वर्षानुवर्षं हळूहळू आंबट होत गेलेल्या पाण्याला सरावले होते. नव्यांना तो बदल तासाभरात झेलावा लागे. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला केएच सतत खर्च होतो. तो भरून काढण्याइतकं नवं पाणी या टाकीला मिळतच नव्हतं. केएच असा उतरला की पीएच घसरतो, आणि पीएच ६.५ च्या खाली गेला की जिवाणूंचं कामही मंदावतं. अमोनिया ०.५ दिसत होता तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. अंडरग्रॅव्हल फिल्टरमध्ये खडी हीच गाळणी असते. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला, तोही विषारी पदार्थ) पचवणारे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. या टाकीत ते होते २८ लिटर खडीच्या दाण्यांवर. शेजारचा स्पंज मुठीएवढा. खडी एका दिवसात काढली असती, तर त्या संध्याकाळी सगळे मासे जवळजवळ फिल्टर नसलेल्या टाकीत पोहत राहिले असते.

पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणं, नुसती वरून सफाई करत राहणं. प्लेटच्या खाली आठ वर्षांचा गाळ असताना तो फार काळ टिकणारा नव्हता, पण दोन-तीन महिने पुढे ढकलण्यात धोका नव्हता. घाई नाही, हे आधी मनाशी पक्कं होणं गरजेचं असतं. चुका बहुधा घाईतूनच होतात.

दुसरा, दुसरी टाकी उभी करून मासे तिथे हलवणं. नवी टाकी तयार व्हायला सहा आठवडे लागतातच, शिवाय जागाही नव्हती. मोठा टब आणि चालू झालेला स्पंज फिल्टर असता, तर हा पर्याय गांभीर्याने तपासण्यासारखा होता.

तिसरा, मासे टाकीतच ठेवून जाड नळीने खडी ओढून काढणं. पाण्याबरोबर गाळही बाहेर जातो म्हणून ही रीत अनेकांना आवडते. पण नळीचा आतला व्यास सर्वांत मोठ्या खड्याच्या तीन-चारपट नसेल, तर खडे एकमेकांत अडकून नळी तुंबते, तीही बहुतेक वळणावर. इथे ८ मिलिमीटरच्या खड्यांना किमान २५ मिलिमीटरची नळी लागली असती. एवढ्या जाड नळीने बादली बघता बघता भरते आणि खडी निम्मीही निघण्याआधी टाकी रिकामी होते. २ ते ३ मिलिमीटरच्या खडीला ही रीत उत्तम आहे, या खडीला नव्हती.

चौथा, टप्प्याटप्प्याने हाताने काढणं, आणि तोवर दुसरा फिल्टर सोबत चालवत ठेवणं. हा निवडला.

तयारीचे सहा आठवडे

खडीला हात लावण्याआधी पाणी जागेवर आणलं. दर तिसऱ्या दिवशी १० टक्के, म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी बदललं. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. एकदम मोठा बदल टाळण्याचं कारण वर आलंच आहे. सहा बदलांनंतर केएच ३.५ च्या आसपास, पीएच ७ आणि नायट्रेट ५० च्या खाली आलं. जिवाणूंना पुन्हा जोर आला आणि अमोनिया शून्यावर उतरला. पीएच वर जात असताना दर बदलाआधी अमोनिया मोजला. तो वाढताना दिसला असता, तर बदल आणखी लहान केले असते.

त्याच वेळी कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातून पाणी फिरवणारा फिल्टर, जोडला. त्यातल्या सिरॅमिक रिंगांवर जुन्या स्पंजचं पिळलेलं पाणी ओतलं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नवा फिल्टर सहा आठवडे सोबत चालला म्हणजे तो सगळा भार उचलायला तयार झाला, असं होत नाही. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. खडीवरची मोठी वस्ती बहुतेक अमोनिया आधीच फस्त करत असेल, तर नव्या फिल्टरला उरलंसुरलंच मिळतं आणि त्याच्यावरची वस्ती तेवढीच वाढते. खडी कमी झाल्यावर ती वाढायला लागते, पण हे जिवाणू सावकाश वाढतात. म्हणूनच टप्पे लागतात, आणि टप्प्यांमध्ये अंतर लागतं.

या काळात आणि नंतरही महिनाभर कॅनिस्टर धुवायचा नाही, हे ठरवून टाकलं.

पहिला टप्पा, आणि झालेली चूक

आदल्या दिवशी खाणं बंद. सकाळी हीटर बंद करून वीस मिनिटं थांबले; गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते. टाकीतलं वरचं स्वच्छ ६० लिटर पाणी धुतलेल्या टबांमध्ये काढून ठेवलं. हे पाणी परत घालता आलं की नळाचं पाणी कमी लागतं आणि पीएच फारसा हलत नाही. कॅनिस्टर बंद केला, नाहीतर उठलेला गाळ थेट त्यात ओढला जातो. हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र तुकडा) मात्र पूर्ण वेळ चालू ठेवला, कारण ढवळलेला गाळ पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने खातो. लाकूड आणि दगड आधीच बाहेर घेतले. खडीवर टेकलेला दगड खालची खडी सरकताच काचेवर कोसळतो.

काम दोघांनी केलं. एकाने प्लॅस्टिकच्या मगाने खडी हळू उचलायची, दुसऱ्याने १२ मिलिमीटरच्या नळीचं तोंड मगाच्या अगदी शेजारी धरून उठणारा गाळ ओढून घ्यायचा. मगातलं पाणी टाकीत निथळू द्यायचं नाही, जसाच्या तसा मग बादलीत रिकामा करायचा. धातूचं काहीही वापरायचं नाही. एक ओरखडा काचेत कायमचा राहतो आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनला चीर गेली तर टाकी गळते. २० लिटरची बादली निम्मी भरली तरी वजन २० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे एक तृतीयांश भरली की थांबायचं.

पुढच्या बाजूची, पूर्ण लांबीची पट्टी काढली, एकूण खडीच्या साधारण एक तृतीयांश. निवड सोयीची वाटली: हात सहज पोचतो आणि कोरिडोरासना लगेच मोकळी जागा मिळते. पाणी परत भरलं, कॅनिस्टर आणि हीटर चालू केला. तासाभरात पाणी निवळलं आणि सगळं नीट पार पडल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी अमोनिया ०.५ आणि नायट्राइट ०.२५. एक तृतीयांश खडी गेल्यावर एवढी वाढ अपेक्षेपेक्षा जास्त होती. कारण प्लेटमध्ये सापडलं. पुढची पट्टी काढल्यामुळे दोन्ही प्लेटचा पुढचा भाग उघडा पडला होता. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. वर चढणारं सगळं पाणी आता उघड्या फटींतून आत जात होतं आणि उरलेल्या दोन तृतीयांश खडीतून जवळपास काहीच वाहत नव्हतं. काढली एक तृतीयांश, बंद पडली जवळपास सगळी. असा थर काही दिवस कोंडला, तर आतला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात आणि खोल जागी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार व्हायला सुरुवात होते.

उघड्या भागावर जाड प्लॅस्टिकचा कापलेला तुकडा बसवून त्यावर गुळगुळीत दगड ठेवले. प्रवाह पुन्हा खडीतून सुरू झाला. खाणं तीन दिवस थांबवलं आणि रोज १५ टक्के पाणी बदललं. पीएच ७ असल्याने ०.५ मधला मुक्त अमोनिया ०.००३ च्या आसपासच राहिला, त्यामुळे मासे शांत होते. तयारीचे आठवडे वगळून हेच पाणी ७.८ ला असतं, तर हा आकडा मर्यादेला टेकला असता. माशांना वाचवलं ते त्या तयारीने.

बेत बदलला

इथे दोन मतं होती. एक असं की आता तळ ढवळलाच आहे, तर उरलेलं सगळं एकदम काढून मोकळं व्हावं. दुसरं, अमोनिया आणि नायट्राइट सलग चार दिवस शून्य येईपर्यंत थांबावं. थांबायचं ठरलं. त्याला पावणेतीन आठवडे लागले. कॅलेंडरवर आधी आखलेला दोन आठवड्यांचा टप्पा चाचणीपुढे मागे पडला आणि ते बरंच झालं.

काढण्याची दिशाही बदलली. आता पट्ट्यांऐवजी प्लेटनुसार: आधी डावी प्लेट तिच्यावरच्या सगळ्या खडीसह, मग उजवी. अशाने उरलेल्या प्लेटवर खडीचा थर सलग राहतो आणि तिचा प्रवाह तुटत नाही.

दुसरा आणि तिसरा टप्पा

डाव्या प्लेटच्या वेळी एक युक्ती फार उपयोगी पडली. खडीला हात लावण्याआधी उभ्या नळीतून हवेची नळी काढून घेतली आणि त्याच वाटेने बारीक सायफन थेट प्लेटच्या खालपर्यंत उतरवला. काळपट गाळाच्या तीन बादल्या तिथूनच निघाल्या, टाकीतल्या पाण्यात एक ढगही न उठता. प्लेट उचलण्याच्या दिवशी मासे टबात ठेवले: टाकीचंच ४० लिटर पाणी, हवेचा दगड, वर झाकण. कोरिडोरासच्या परांचे काटे जाळीत अडकतात म्हणून त्यांना पारदर्शक डब्यात हाकून घेतलं. सामान आधीच बाहेर असल्याने पकडणं सोपं गेलं.

उजवी बाजू कठीण होती. क्रिप्टोकोरिनची मुळं प्लेटच्या फटींतून आरपार गेली होती. रोप ओढलं की प्लेटही वर येते आणि खालचा सगळा गाळ एकदम सुटतो. म्हणून प्लेट जागेवर दाबून धरून मुळं कात्रीने फटींच्या वर कापली आणि रोपं कुंड्यांत लावली. पुढच्या दहा-बारा दिवसांत त्यांची बहुतेक पानं वितळली. क्रिप्टोकोरिनचा हा स्वभावच आहे. कुजणारी पानं रोज काढली आणि मुळांना हात लावला नाही. महिन्याभराने नवी पानं आली. लाकडावरच्या अनुबियासवर काहीच परिणाम झाला नाही.

उजव्या बाजूला, जिथे लाकडाचं बूड टेकलेलं असे, तिथे काळ्या खडीचा गोळा सापडला. सडक्या अंड्यासारखा वास. प्लेट असूनही तिथे वर्षानुवर्षं पाणी पोचलं नव्हतं. मासे बाहेर असल्याने तो भाग निवांतपणे, थेट बादलीत काढता आला. मासे आत असताना तो फुटला असता तर काय झालं असतं, ते सांगणं कठीण आहे. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात सल्फाइडचं लवकर विघटन होतं, पण तळाशी फिरणाऱ्या माशाला तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

काढलेल्या खडीत ट्रम्पेट गोगलगायींची मोठी वस्ती होती. टाकीत मागे राहिलेल्या गोगलगायी खडी नाहीशी झाल्यावर काचेवर चढल्या आणि काही मेल्या. मेलेल्या गोगलगायी तळात राहिल्या तर अमोनिया वाढवतात, म्हणून आठवडाभर रोज वेचून काढल्या. खडी, गोगलगायी किंवा रोपांचे तुकडे नदी-तळ्यात टाकले नाहीत. स्थानिक पाण्यात परके जीव सोडण्याचं नुकसान परत भरून येत नाही.

प्रत्येक टप्प्यात काढलेल्या खडीतले दोन लिटर खडे नायलॉनच्या जाळीदार पिशवीत भरून, टाकीच्याच पाण्यात हलके खळबळून, कॅनिस्टरच्या पाण्याच्या धारेखाली महिनाभर टांगून ठेवले. दुसऱ्या टप्प्यानंतर अमोनिया ०.२५ वर गेला आणि पाच दिवसांत उतरला. तिसऱ्यानंतर वाढ चाचणीत दिसलीच नाही.

परिणाम

एकूण ४४ किलोच्या आसपास खडी निघाली. भरीव दगडाने व्यापलेली जागा सुमारे १७ लिटर, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात पातळी ४ सेंटिमीटरहून अधिक खाली आली. हीटरवरची किमान पाण्याची रेघ उघडी पडू नये म्हणून तो खाली सरकवावा लागला. टाकीतलं पाणी वाढलं, तर औषधाचं मापही बदलतं. जुनं माप भिंतीवर लिहिलेलं असेल तर ते खोडायला हवं.

तीन आठवडे तळ मोकळा ठेवला. साठणारा गाळ डोळ्यांना दिसतो आणि लगेच ओढता येतो. मोकळ्या काचेत प्रतिबिंब दिसून निऑन बिचकत होते. लाकूड परत ठेवल्यावर आणि दिवे मंद केल्यावर ते सावरले. लाकूड आणि दगड थेट काचेवर न ठेवता खाली प्लॅस्टिकची जाड जाळी घातली. मग गोल दाण्याची, १ मिलिमीटरपेक्षा बारीक, पाणी निवळेपर्यंत धुतलेली १६ किलो वाळू पसरली, थर अडीच सेंटिमीटर.

दुसऱ्या टप्प्यानंतर एक म्हातारा निऑन मेला. बाकी सगळे मासे टिकले. कोरिडोरास वाळूत तोंड खुपसून खाणं शोधू लागले. त्यांच्यापैकी चौघांच्या मिशा चार महिन्यांत थोड्या वाढल्या. ज्या दोघांच्या बुडापासून गेल्या होत्या, त्यांच्या तशाच राहिल्या. मालकांनी मिशांचा सगळा दोष खडीच्या धारेला दिला होता. आठ वर्षांच्या गाळात तोंड घालण्याचा वाटा, आमच्या मते, त्याहून मोठा असावा. वाळूही अस्वच्छ राहिली तर मिशा पुन्हा जातील.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच टप्प्यात प्लेटनुसार काढायला हवं होतं. प्लेट एकसंध असेल, तर उघडा पडणारा भाग त्याच दिवशी झाकायचा, दोन दिवसांनी नव्हे. उभ्या नळीतून गाळ ओढण्याची युक्ती तयारीच्या आठवड्यांतच, दर पाणीबदलाला थोडी थोडी वापरता आली असती. प्लेट उचलायच्या दिवशीचं काम निम्म्यावर आलं असतं. चाचण्या पहिल्या टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशीच सुरू व्हायला हव्या होत्या.

मात्र हे तीन टप्पे प्रत्येक टाकीला लावू नयेत. खडीचा थर दोन-तीन सेंटिमीटरचा, खाली प्लेट नाही, कॅनिस्टर वर्षभर चाललेला, मासे मोजके, केएच ४ च्या वर आणि अमोनिया शून्य असेल, तर मासे टबात ठेवून एका दिवसात खडी काढणं अधिक बरं. अशा टाकीत तीनदा तळ ढवळणं म्हणजे माशांना तीनदा त्रास. त्यातही कॅनिस्टरचे स्पंज आणि रिंग त्या दिवशी ओल्याच ठेवायच्या, टाकीच्या पाण्यात, आणि फिल्टर तासाभराच्या वर बंद राहू द्यायचा नाही. बंद डब्यात अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, तर जपून ठेवलेले जिवाणू आतच मरतात आणि फिल्टर चालू केल्यावर ते कुजकं पाणी सरळ माशांवर येतं. काम लांबणार असेल, तर रिंग बादलीत काढून त्यात हवेचा दगड सोडून ठेवावा.

जुनी खडी पुढे कुठे वापरायची असेल, तर ती उन्हात पूर्ण वाळवून ठेवावी. वाळल्यावर तिच्यावरचे जिवाणू मरतात, त्यामुळे दुसऱ्या टाकीत घालताना ती नव्या खडीसारखीच धरायची. ओली ठेवून बंद पिशवीत भरली, तर काही दिवसांत पिशवी उघडता येणार नाही इतका वास सुटतो.